टॉर्टिया का तुटतो आणि आजीची वही कशी वाचायची

जुळे सोलापुरातल्या एका सुनेनं मला विचारलंय. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती तीन वर्षं मेक्सिकोत, पुएब्ला शहरात राहिली. तिथल्या जेवणाची गोडी लागली. इथं परतल्यावर तेच घरी करायला घेतलं, तर टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, तव्यावर तुटतात, लाल मिरचीचा साल्सा, म्हणजे तिकडची पातळसर चटणी, कडू होतो आणि सासरे ताटाकडे बघून गप्प बसतात. त्यात माहेरच्या आजीची पदार्थांची वही हाती आली आहे, पण एकाही पदार्थाला माप लिहिलेलं नाही. "काकू, मला हे दोन्ही एकाच स्वयंपाकघरात हवंय. सुरुवात कुठून करू?"

मी तीस वर्षं सोलापुरात स्वयंपाकाचे वर्ग घेते. त्या जोरावर सांगते.

आधी टॉर्टिया. तुझा हात चुकत नाही, पीठ चुकतंय. दुकानात मिळणारं मक्याचं पीठ म्हणजे नुसता दळलेला मका. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्याच पाण्यात मुरवतात, सकाळी धुतात आणि ओलाच वाटतात. अशा मक्याला तिकडे निश्तमाल म्हणतात. चुन्यानं दाण्याचं साल सुटतं, आतला चिकटपणा मोकळा होतो आणि गोळा धरून राहतो. पुएब्लाच्या गल्लीतला जो वास तुला इथं सापडत नाही, तोही या चुन्यात शिजलेल्या मक्याचाच.

हे घरी जमतं. अर्धा किलो वाळलेला मका घे, शक्यतो पांढरा. स्वीट कॉर्न नको, लाह्यांचा मका नको, आणि पेरणीचं बियाणं तर मुळीच नको, त्याला औषध चोळलेलं असतं. दीड लिटर पाण्यात पानाला लावतात तो खाण्याचा चुना एक चहाचा चमचा कालव. कळीचा चुना घरात आणू नकोस. पातेलं स्टीलचं हवं, ॲल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजव. दाणा दोन बोटांत चोळला की साल निसटलं पाहिजे. मग गॅस बंद कर आणि झाकून रात्रभर ठेव. सकाळी चोळून तीन पाण्यांनी धू आणि पाट्यावर नाहीतर इडलीच्या ग्राइंडरमध्ये कमीत कमी पाण्यात वाट. मिक्सरला हे ओझं होतं, पाणी जास्त घालावं लागतं आणि गोळा सैल होतो. पुऱ्या दाबायचं यंत्र असेल तर दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून दाब. तवा कडकडीत तापलेला हवा.

हा मका जेव्हा मेक्सिकोबाहेर गेला तेव्हा दाणे गेले, चुना मागे राहिला. उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत गोरगरीब मक्यावरच जगू लागले आणि त्यांना पेलाग्रा हा आजार जडला. मक्यातलं एक जीवनसत्त्व चुन्याशिवाय अंगी लागत नाही, म्हणून. जिन्नस आणला आणि त्याच्यामागची क्रिया आणली नाही, तर काय होतं याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही. तुझ्या स्वयंपाकघरात हेच लहान प्रमाणात चाललंय. तू पुएब्लातून पदार्थांची नावं आणलीस, पाककृती आणल्यास. आता त्यातला प्रत्येक जिन्नस तिथं नेमकं काय काम करत होता ते शोध. काम कळलं की तेच काम करणारं काहीतरी इथं बहुतेक वेळा सापडतंच.

आता कडू साल्सा. मिरची जळते, एवढंच कारण. सुक्या मिरचीची देठं काढ, बिया झटक, तवा मध्यम तापव आणि एकेक बाजू मोजून दहा-पंधरा सेकंद दाब. रंग विटकरी झाला, मिरची मऊ पडली, वास आला की उचल. काळा डाग पडलेली मिरची बाजूला टाक, एकसुद्धा वाटणात जाऊ देऊ नकोस. मग पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्यात भिजव. ते पाणी आधी चाखून बघ. कडवट लागलं तर ओतून दे आणि साध्या पाण्यात वाट.

आणि मिरची कोणती? पुएब्लातली गुआहियो मिरची तिखटापेक्षा रंगासाठी आणि दाटपणासाठी घालतात. ते काम आपली ब्याडगी चोख करते, आणि कर्नाटकाच्या वेशीवर राहून आपल्याला तिची काय कमी? जिथं नुसता झणका हवा तिथं लवंगी घाल. आंचो मिरचीत मनुकेसारखी गोडी असते. त्यासाठी मी पाच ब्याडग्यांमागे सात-आठ काळे मनुके भिजवून वाटते. आंचो होत नाही ती, पण तिच्या जागेवर शोभते.

आता शेंगदाणा. इथं मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

मेक्सिकोत शेंगदाण्याला काकावाते म्हणतात. त्याचं मूळ नाव नावात्ल भाषेतलं, अर्थ 'जमिनीतला कोको'. आपण काय म्हणतो? भुईमूग. तेलुगूत वेरुशनगा, म्हणजे मुळाचा हरभरा. कन्नडात नेलगडले, म्हणजे जमिनीतला हरभरा. दाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बऱ्याच ठिकाणी तिथल्या माणसांनी त्याला आपल्या ओळखीच्या दाण्याचं नाव दिलं आणि पुढे फक्त 'भुईतला' एवढं जोडलं. सोलापूरच्या एकाच गल्लीत ही तिन्ही नावं ऐकू येतात. मिरची आणि टोमॅटोही अमेरिका खंडातूनच आलेले. तू जे मेक्सिकोतून आणू बघतेस त्यातलं बरंचसं तुझ्या आजीच्या मिसळणाच्या डब्यात आधीपासून आहे.

तुला मेक्सिकोतल्या वेराक्रूसचा साल्सा माचा आवडतो, असं लिहिलंस. तेलात परतलेल्या सुक्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, तीळ. आता आपली शेंगाचटणी समोर ठेव. जिन्नस जवळजवळ तेच. फरक तेलाचा. माचामध्ये तेल वरून घालतात, आपण ते दाण्यातून काढतो.

ते कसं निघतं हे एकदा उखळाशी बसून बघ. पाव किलो दाणे मंद आचेवर वीस मिनिटं भाजून गार केलेले, पंधरा-वीस लसूणपाकळ्या, चमचाभर जिरं, दोन मोठे चमचे लाल तिखट, मीठ. पहिली पाच मिनिटं मुसळीखाली कोरडा कुट होतो, दाणे उडतात, आवाज खणखणीत येतो. मग कुट जड व्हायला लागतो. आवाज बसतो. कडेचा कुट खाली पडायचा थांबतो, भिंतीला धरून राहतो. मुसळीच्या टोकाला चकाकी येते, आणि चिमूटभर घेऊन दाबलं की बोटांवर तांबडं तेल उतरतं. तिथं थांबायचं. आणखी कुटलं तर लगदा होतो, आणि मग चटणीत दाताखाली काही येत नाही. मिक्सर सतत फिरवला तर दाणा तापतो आणि तेल सुटायच्या आधीच पीठ होऊन पात्याखाली बसतं. मिक्सरच वापरायचा असेल तर थांबून थांबून, दोन-दोन सेकंदांचे झटके दे, मधे चमच्यानं हलव.

हे हाताला कळलं की माचा आपोआप सुधारेल. तुझा माचा तेलकट आणि पोकळ लागतो, कारण तू दाणे आख्खे तेलात सोडतेस. अर्धे दाणे आधी तेल सुटेपर्यंत कुट, अर्धे तेलात खरपूस तळ. एक वाटी घाण्याच्या शेंगतेलात आधी लसूण, मग तळायचे दाणे, मग तीळ परतून काढ. गॅस बंद कर, तेल जरा निवू दे आणि मगच मिरच्या टाक. सगळं जाडसर वाट, कुटलेले दाणे, मीठ, चमचाभर व्हिनेगर घालून कालव. दोन दिवस मुरू दे आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढ.

शेंगदाण्याच्या रश्शाबद्दल, म्हणजे एंकाकावातादोबद्दल, थोडक्यात सांगते. उपासाची दाण्याची आमटी येते ना तुला? तीच वाट. फक्त टोमॅटो आणि लसूण तव्यावर डाग पडेपर्यंत भाज, चार-पाच ब्याडग्या, दोन लवंगा आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी घाल, आणि वाटण कढईत तेल सुटेपर्यंत परत. 'तेल सुटेपर्यंत' हा नियम तिकडेही आहे.

आता भाकरी. कडक भाकरी तू बाजारातून आणतेस की घरी करतेस? पुएब्लात शिळ्या टॉर्टियांचे तुकडे तळून लाल किंवा हिरव्या साल्सात घोळतात, वर चीज आणि कांदा. चिलाकिलेस. टिकावी म्हणून वाळवलेली रोटी आणि तिला मऊ करणारा तिखट रस्सा, म्हणजे आपल्याकडे कडक भाकरी चुरून तिच्यावर गरम आमटी ओततात तेच की. मी हिवाळ्यात असं करते: कडक भाकरीचे मोठे तुकडे, वर ब्याडगी-टोमॅटोचा गरम साल्सा, वर घट्ट दही, बारीक कांदा, कोथिंबीर. साल्सा ओतल्यावर दोन मिनिटांत ताट हातात पडलं पाहिजे. तुकड्याची कड कुरकुरीत आणि पोट मऊ, अशी ती वेळ असते. गव्हाच्या खाकऱ्यानं हे होत नाही, तो लगेच विरघळतो. मंगळवेढ्याच्या शाळूची भाकरी रस्सा पिऊनही अंग धरून ठेवते.

ज्वारीवरून आठवलं. ज्वारी आपली म्हणतो आपण, आहेही, पण मुळात ती ईशान्य आफ्रिकेतली. सुदानात तिच्या आंबवलेल्या पिठाची किस्रा नावाची पातळ पोळी करतात. इथिओपियात इंजेरा करतात, तो बहुतेक टेफ या बारीक धान्याचा, पण ज्वारीचाही होतो. आमच्या गल्लीतले एक मास्तर बरीच वर्षं इथिओपियात शिकवायला होते. त्यांच्या सांगण्यावरून मी ज्वारीचा इंजेरा करून बघितला. पीठ भिजवलं, दोन दिवस आंबवलं, तव्यावर ओतलं. कडा चिरल्या, मधे फाटलं, उलथन्याबरोबर तुकडे आले. तीन वेळा तेच झालं. मग मास्तरांना आठवलं की त्यांच्या घरमालकीण आंबलेल्या पिठातलं थोडं काढून उकळत्या पाण्यात शिजवायच्या आणि ते घट्ट झालं की परत पिठात मिसळायच्या. तिकडे त्याला अबसित म्हणतात.

मी कपाळावर हात मारला. अहो, ही तर उकड! ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून आपण भाकरीच्या पिठात आधणाचं पाणी घालतो. गरम पाण्यानं पिठाचा थोडा भाग शिजतो आणि तो बाकीच्या पिठाला खळीसारखा धरतो. लहानपणापासून रोज हेच करत होते मी, आणि इंजेरा करताना मात्र दुसऱ्याच्या देशाचं म्हणून माझं सगळं शहाणपण बाहेर ठेवून आत गेले. चौथ्या वेळी उकड घातली. इंजेरा अख्खा निघाला, वर जाळीही पडली.

तू नेमकं असंच करतेयस, म्हणून एवढं सांगितलं. पुएब्लाचं काही करायला घेतलंस की आजीकडून शिकलेलं विसरतेस. मिरची जळू द्यायची नाही हे तुला फोडणी करताना कळतं, तर साल्सा करताना का कळू नये?

आता वही.

माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. अव्वा, म्हणजे माझी आजी, दिवसभर विड्या वळायची. तिला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे तिची वही नाही. तिचं मीठ "चवीपुरतं", तिचं पीठ "लागेल तेवढं". मी वर्ग सुरू केले तेव्हा ती होती, आणि तिचे पदार्थ शिकवायचे तर मला माप हवं होतं. मग मी एक केलं. पिठाचा डबा तराजूवर ठेवला, आकडा लिहिला, तिला हात घालू दिला, परत तोलला. तिची तांदळाच्या पिठाची मूठ तीनदा तोलली: 62, 64, 61 ग्रॅम. पानात किती तंबाखू घालायची ते ज्या बोटांना दिवसभर न बघता कळत होतं, त्याच बोटांचं हे माप होतं. 'अंदाजे' हा शब्द आपण उगाच हलका समजतो. तुझ्या घरात अजून कुणी म्हाताऱ्या बायका असतील, सासूबाई, आत्या, कुणीही, तर त्यांच्याजवळ तराजू घेऊन या महिन्यातच बस.

तुझी आजी आता नाही. तेव्हा वही दुसऱ्या वाटेनं वाचावी लागेल. सगळ्यात तेलकट, डागाळलेलं पान आधी काढ. जे वारंवार झालं तेच पान खराब होतं, आणि तेच माहेरच्या इतर जिभांनाही आठवत असेल. जुन्या लिखाणात चिपटं, मापटं, शेर आला तर घाबरू नकोस. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही धान्य मोजायची मापं आहेत, भरून घ्यायची. वजनाचा शेर वेगळा, दोन्हींची गल्लत केली की पदार्थ बिघडतो. 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, तरी घरातल्या बायका कितीतरी वर्षं जुन्याच मापांनी लिहीत राहिल्या. माहेरी आजीची वाटी, तिचा तांब्या, तिची पळी असेल तर मागून आण आणि त्यात पाणी भरून मोज. "दोन वाट्या" म्हणजे किती ते त्या वाटीलाच विचारायला हवं.

अव्वाची सर्वपिंडी सांगते आणि मग थांबते, कारण तुझ्या 'दोन्ही एकाच स्वयंपाकघरात' या म्हणण्याचं उत्तर मला तिच्यात दिसतं. सर्वपिंडी तेलंगणाची. तेलुगूत सर्व म्हणजे पातेलं, पिंडी म्हणजे पीठ. तांदळाचं पीठ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, भरड दाणे, तीळ, कढीपत्ता, तिखट, मीठ. हा गोळा तेल लावलेल्या गोल बुडाच्या पातेल्यात आतून थापायचा, बोटानं भोकं पाडायची, भोकांत तेल सोडायचं, झाकून मंद आचेवर एकाच बाजूनं खरपूस करायचं. दुसरी थापण्याआधी पातेलं पाण्याखाली धरून गार करायचं, नाहीतर पीठ थापलं जात नाही.

सोलापुरात आल्यावर तांदूळ परवडेना, ज्वारी स्वस्त होती. अव्वानं निम्मं पीठ ज्वारीचं घातलं. सर्वपिंडी चिरायला लागली. शेजारच्या मराठी बाईनं भाकरीचं आधण दाखवलं आणि तेव्हापासून आमच्या घरात सर्वपिंडीचं पीठ गरम पाण्यात भिजवतात. तेलंगणातले नातेवाईक म्हणतात, ही खरी नव्हे. मी ज्या चवीवर वाढले ती हीच आहे, आणि माझ्या वर्गात मी दोन्ही शिकवते, कोणती कुठली ते सांगून. तूही तसंच सांग. कडक भाकरीवर साल्सा ओतलास तर त्याला चिलाकिलेस म्हणू नकोस, साल्सातली कडक भाकरी म्हण. पुएब्लातल्या ज्या बाईनं तुला शिकवलं तिचा आणि तुझ्या आजीचा, दोघींचाही मान त्यात राहतो.

सासऱ्यांचं म्हणशील तर त्यांच्या गप्प बसण्याचा राग धरू नकोस. तू ताट सगळंच बदलतेस. भाकरी, आमटी, भात त्यांच्या ओळखीचे ठेव आणि डाव्या बाजूला फक्त माचा वाढ, नाव न सांगता. शेंगाचटणी खाणाऱ्या माणसाला तो परका वाटणार नाही. आठवडाभर तेवढंच. भोगीला बाजरीची भाकरी, गरगट्टा आणि शेंगापोळी जशी होते तशीच होऊ दे, तिथं प्रयोग नकोत. संक्रांतीच्या सुमाराला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घरात पाहुणे असतात, त्यांना त्यांची चव मिळाली पाहिजे.

आणि शेंगापोळीनंच वहीची सुरुवात कर. तू पाठवलेल्या ओळीत "दाणे, गूळ बेताचा, तीळ थोडे, वेलची" एवढंच आहे. दाण्याच्या कुटाच्या पाऊणपट गूळ घे, वजनानं. तीळ कुटाच्या दहाव्या हिश्श्यानं, भाजून कुटलेले. तीनच पोळ्यांपुरतं कर. पोळी तव्यावर फुटून गूळ बाहेर आला तर गूळ जास्त झालाय किंवा त्यात खडा राहिलाय. लाटताना सारण कडेपर्यंत पोचलं नाही तर ते कोरडं आहे, चमचाभर दूध लाव. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि आईला, मावशीला चाखायला दे. त्या "हां, अशीच" म्हणाल्या की त्या दिवसाचं वजन तारखेसह वेगळ्या वहीत उतरव. आजीच्या पानावर काही लिहू नकोस आणि त्याला प्लास्टिकही चिकटवू नकोस. नुसता फोटो काढून ठेव. दोन्ही बाजूंचा काढ, कारण माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीनं लोणच्याचं मिठाचं माप पानाच्या मागे, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहिलेलं सापडलं होतं.